१० गिगाबिटचे नेटवर्क कार्ड बसवले, पण वेग ३ गिगाबिटच्या पुढे जात नाही

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे)

नमस्कार. आमच्या छपाईच्या कार्यालयात उबुंटूवर चालणारा एक टॉवर सर्व्हर आहे. डिझाइनच्या मोठ्या फाइल्स स्टोरेज सर्व्हरवर लवकर जाव्यात म्हणून त्यात इंटेलचे एक्स५२० हे दोन पोर्टचे कार्ड बसवले असून, दोन्ही सर्व्हर डॅक केबलने (दोन्ही टोकांना प्लग बसवलेल्या तांब्याच्या केबलने) थेट जोडले आहेत. लिंक १० गिगाबिटची दिसते, तरी आयपर्फने मोजलेला वेग ३ गिगाबिटच्या आसपासच अडकतो. शिवाय कार्ड बसवल्यापासून मदरबोर्डवरचे जुने नेटवर्क बंद पडले आहे. केबल बदलून पाहिली, फरक पडला नाही.

उत्तर (महापे)

केबलवर संशय घेण्याआधी कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे ते पाहा. स्लॉट लांबीने मोठा असला, तरी त्यात सगळ्या लेन, म्हणजे डेटा जाण्याच्या वाटा, जोडलेल्या असतीलच असे नाही. काही मदरबोर्डवर सोळा लेनच्या लांबीच्या स्लॉटला प्रत्यक्षात चार किंवा एकच लेन असते. एक्स५२० हे पीसीआय एक्सप्रेसच्या (मदरबोर्डला कार्ड जोडण्याच्या पद्धतीच्या) दुसऱ्या पिढीचे, आठ लेनचे कार्ड आहे. या पिढीत एका लेनमधून जेमतेम ४ गिगाबिट जातात आणि पॅकेटचा वरखर्च वजा केल्यावर हाती साधारण तुम्ही मोजलात तेवढेच उरतात, म्हणून मला एका लेनचीच शंका येते. रूट अधिकाराने एलएसपीसीआय ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा सविस्तर पर्यायासह चालवा आणि त्या कार्डापुढील क्षमतेची व सद्यस्थितीची, अशा दोन्ही ओळी वाचा. क्षमता आठ आणि सद्यस्थिती एक दिसली, तर कार्ड प्रोसेसरला थेट जोडलेल्या स्लॉटमध्ये हलवा. स्लॉट योग्य असूनही लेन कमी दिसल्या, तर कार्ड पूर्ण बसलेले नाही किंवा संपर्कपट्टी मळलेली आहे. कार्ड काढताना सर्व्हर नुसता बंद करू नका, वीजजोडणीची केबलही काढा, कारण स्टँडबायचा पुरवठा बोर्डवर सुरूच असतो.

उत्तर (कळवा)

जुने नेटवर्क बंद पडण्याचे कारण बहुधा उबुंटूने पोर्टला दिलेले नाव बदलणे हे आहे. ईएनपी२एस० या नावातील २ हा पीसीआय बसचा क्रमांक असतो. नवे कार्ड आल्यावर हे क्रमांक सरकतात, मग तेच पोर्ट ईएनपी४एस० होते आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूतील नेटवर्कच्या मांडणीच्या) फाइलमधील जुन्या नावाला काही सापडत नाही. आयपी लिंक ही आज्ञा चालवून सध्याचे नाव पाहा, पण फाइलमध्ये नुसते नवे नाव टाकून थांबू नका. मॅक पत्त्यावरून, म्हणजे पोर्टच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून, पोर्ट ओळखण्याची तरतूद करा, म्हणजे पुढे स्लॉट बदलला तरी फाइलला हात लावावा लागणार नाही. बदल नेटप्लॅन ट्राय या आज्ञेने लागू करा. तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते, आणि दुरून काम करणाऱ्याला याचा मोठा आधार असतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सद्यस्थितीच्या ओळीत खरोखरच एक लेन होती. प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये कार्ड हलवल्यावर आठही लेन दिसतात आणि वेग ९.४ गिगाबिट मिळतो. मॅक पत्ता नोंदवल्यापासून जुने नेटवर्कही सुरळीत आहे. मात्र कार्डाचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हाताला चांगलाच तापलेला लागतो.

उत्तर (महापे)

ही कार्डे रॅक सर्व्हरमधील जोरदार वाऱ्याचा झोत गृहीत धरून बनवलेली असतात, टॉवरमध्ये तो मिळत नाही. हीटसिंकवर थेट वारा येईल असा एक छोटा पंखा लावा आणि शेजारचा स्लॉट रिकामा ठेवा.