सोनोग्राफीत खडे नाहीत, दुखणं मात्र पित्ताशयाचं वाटतं. पोट तपासताना काय शोधायचं?

वॉर्ड_नंबर_तीन:
उजव्या बरगडीखाली अधूनमधून जोराची कळ, मळमळ. सोनोग्राफी, एलएफटी (यकृताच्या रक्त तपासण्या), लायपेज (स्वादुपिंडाची रक्त तपासणी) सगळं नॉर्मल. फंक्शनल गॉलब्लॅडर (खडे किंवा सूज नसताना पित्ताशयाच्या कामातल्या बिघाडाने दुखणं) म्हणण्याआधी हाताला काय लागायला हवं? मर्फी (पित्ताशयाची सूज ओळखायची हाताची चाचणी) निगेटिव्ह आली तर हे निदान सोडून द्यायचं का?

सर्जरीवाला:
सोडू नका. उलट, या आजारात मर्फी निगेटिव्हच असते. दुखण्याच्या दोन झटक्यांमध्ये पोट मऊ, काहीच सापडत नाही. ऐन झटक्यात तपासलं तर बेंबीच्या वर किंवा उजवीकडे दाबल्यावर थोडं दुखतं, एवढंच. ताप, कावीळ, गार्डिंग (हात लावताच पोटाचे स्नायू आपोआप ताठणं) किंवा हाताला लागणारी गाठ यांपैकी एकही असेल तर हा फंक्शनल आजार नाही, दुसरं कारण शोधा. डोळे खिडकीपाशी बघा, पिवळ्या बल्बखाली हलकी कावीळ सुटते.

मर्फी बहुतेक वेळा चुकीची केली जाते. पेशंट उताणा, गुडघे किंचित दुमडलेले. श्वास सोडताना उजव्या बरगडीच्या कडेखाली, मिडक्लॅव्हिक्युलर रेषेवर (गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली) बोटं आत न्या, तिथेच ठेवा आणि मग खोल श्वास घ्यायला सांगा. श्वास मध्येच अडकला तर पॉझिटिव्ह. नुसतं "आई गं" पुरेसं नाही. डावीकडेही करून बघा, तिथे अडकायला नको. म्हातारे पेशंट आणि मधुमेही यांच्यात सुजलेलं पित्ताशय असूनही मर्फी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तिच्यावर विसंबून राहू नका.

पोटविकार:
कार्नेट (दुखणं पोटाच्या भिंतीचं की आतलं हे ओळखायची चाचणी) केल्याशिवाय पुढे जाऊच नका. पेशंटला एका बोटाने जागा दाखवायला सांगा. तळव्याने गोल गोल दाखवलं तर दुखणं आतलं असण्याची शक्यता जास्त. नखाएवढी जागा, तीही रेक्टसच्या (पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूच्या) बाहेरच्या कडेला, असेल तर पोटाच्या भिंतीचा संशय घ्या. त्या जागेवर बोट दाबून धरा, हात छातीवर घडी घालून डोकं आणि खांदे उचलायला लावा. बोटाचा दाब कमी होऊ द्यायचा नाही, इथेच सगळे चुकतात. दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर भिंतीचं, कारण ताठलेला स्नायू आतल्या अवयवाला बोटापासून वाचवतो. अशा पेशंटचं पित्ताशय काढलं तरी दुखणं जागच्या जागी राहतं!

शेवटच्या बरगड्यांच्या कडेखाली बोटं अडकवून पुढे ओढा; तीच कळ आली, कट्ट वाजलं, तर बरगडी सरकते आहे. त्वचेला हलका कापूस लावला तरी चुरचुरतं का, तेही बघा. नागीण पुरळाआधी दुखते.

वॉर्ड_नंबर_तीन:
आणि हायडा (पित्ताशय किती रिकामं होतं ते दाखवणारा स्कॅन) कोणाला?

पोटविकार:
हिस्टरी बसते त्याला. रोम ४ (पोटाच्या फंक्शनल आजारांचे निदान-निकष, २०१६) प्रमाणे कळ चढत जाऊन स्थिर होते, निदान ३० मिनिटं टिकते, रोज येत नाही, कामधंदा थांबवण्याइतकी जोराची असते. शौचाने, कूस बदलून किंवा अ‍ॅसिडच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. स्कॅनला सिन्कालाइड (पित्ताशय आकुंचवणारं औषध) ०.०२ मायक्रोग्रॅम प्रति किलो, ६० मिनिटांत सावकाश. ईएफ (पित्ताशयातलं किती टक्के पित्त बाहेर पडलं ते) ३८ टक्क्यांखाली म्हणजे कमी. भराभर सोडलं तर निरोग्यालाही कळ येते आणि आकडा फसवा येतो. ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामकं) चालू असतील तरी आकडा फसवाच. सिन्कालाइडऐवजी फॅटी मील (स्निग्ध खाणं) देऊन केलं असेल तर ३८ चा आकडा लावू नका.

सर्जरीवाला:
आणि केसपेपरवर नुसतं "पी/ए सॉफ्ट" (पोट मऊ) नको. असं लिहा: "झटक्याबाहेर तपासणी. ताप, कावीळ नाही. पोट मऊ, गाठ नाही. मर्फी निगेटिव्ह, कार्नेट निगेटिव्ह." झटक्यात पुन्हा तपासलं तर वेळेसकट वेगळी नोंद.