मूल गाडी चालवत नाही म्हणून दिव्यांग पार्किंगचा पास नाकारणं बरोबर आहे का?

एक आई, जुळे सोलापूर
आमच्या सोसायटीत लिफ्टजवळ दिव्यांगांसाठी एक जागा आखलेली आहे. माझ्या 9 वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे. तिच्या नावाने त्या जागेचा पास मागितला, तर कमिटीने तोंडीच सांगितलं की पास गाडी चालवणाऱ्याला असतो, आणि लहान आहे, उचलून नेता येतं. लेखी द्या म्हटलं, तर "आपण घरचीच माणसं, लेखी कशाला?"

गाडी कोण चालवतं याचा संबंधच काय? उतरायचंय तिला. इंग्लंडमध्ये ब्लू बॅज, म्हणजे दिव्यांग पार्किंगचा पास, माणसाच्या नावावर मिळतो, गाडीच्या नाही. तो माणूस नुसता प्रवासी असला तरी चालतो, लहान मूल असलं तरी चालतं. आपल्याकडे एवढी साधी गोष्ट पटवून द्यावी लागते याचं वाईट वाटतं.

होटगी रोड, माजी सेक्रेटरी
ताई, तुमची अडचण कळते. पण कमिटीची बाजूही ऐका. जागा एक. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले आजी-आजोबा प्रत्येक सोसायटीत असतात. पार्किंग कमी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, वर्षासाठी सोडत काढावी लागते. एका घराला पास दिला की ती जागा कायमची त्या घराची होते, मग मुलगी शाळेत असतानाही वडिलांची गाडी तिथेच. लोक भांडतात ते यावरून.

एक आई, जुळे सोलापूर
काका, मुलगी गाडीत नसेल तेव्हा गाडी तिथे लावणार नाही, हे मी लिहून देते. अडचण अंतराची कमी आणि रुंदीची जास्त आहे. केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिव्यांगांच्या पार्किंगची रुंदी 3.6 मीटर सांगितली आहे, ती याचसाठी. दार पूर्ण उघडून खुर्ची शेजारी लागली पाहिजे. नेहमीच्या जागेत शेजारी दुसरी गाडी आली की दार अर्धंच उघडतं. मग आधी गाडी रस्त्यावर उभी करायची, तिला उतरवायचं, आणि गाडी लावून येईपर्यंत ती खुर्चीत एकटी. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन सांगायला नको.

अक्कलकोट रोड
मला हे जरा जास्तच वाटतं. माझ्या भावाला पोलिओ होता. आईने त्याला काखेत घेऊन शाळेत नेलं, कुणाकडे काही मागितलं नाही. आज व्हीलचेअरचं स्टिकर कोणीही दुकानातून आणून काचेवर लावतो. पास वाटत सुटलं तर खऱ्या गरजवंताला जागाच उरणार नाही.

फिजिओथेरपिस्ट, विजापूर रोड
तुमच्या आईंबद्दल पूर्ण आदर आहे. पण त्यांनी मागितलं नाही म्हणून त्यांना गरज नव्हती, असं नाही. पोलिओत पाय लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीत बऱ्याच मुलांचे स्नायू ताठ होतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अशा मुलाला अरुंद दारातून तिरकं ओढून काढणं धोक्याचं असतं, कारण या मुलांचा खुब्याचा सांधा आधीच सरकण्याची भीती असते.

आणि "उचलून न्या" हा सल्लाच मला पटत नाही. दाराला धरून उभं राहायचं, वळायचं, खुर्चीत बसायचं, हे आम्ही या मुलांना महिनोन् महिने शिकवतो. जागा मिळाली तर ती स्वतः उतरेल. 15 व्या वर्षीही तिला उचलायचंच का?

स्टिकरचं म्हणता ते खरं आहे. म्हणूनच तर कार्ड बघून पास द्यायचा.

वकील, सात रस्ता
कायद्याचं सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. वयाची किंवा गाडी चालवण्याची अट दिव्यांगत्वाच्या व्याख्येत नाही. मात्र ताई, एक बाजू कच्ची आहे. या कायद्यातली सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता येण्याची, सक्ती मुख्यतः सरकारवर आणि सार्वजनिक इमारतींवर आहे, खासगी सोसायटीला ती जशीच्या तशी लावता येईलच असं नाही. शिवाय "वाजवी सोय" म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न टाकणारी सोय, असं कायदाच म्हणतो. पण इथे भार कसला? जागा आधीच आखलेली आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, कार्डाची प्रत जोडा, सर्वसाधारण सभेत विषय घ्यायला लावा. उत्तर आलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा, आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे.

होटगी रोड, माजी सेक्रेटरी
रुंदीचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. तोंडी नकार द्यायला नको होता, हेही मान्य. तरी पास एका वर्षाचाच द्यावा आणि दरवर्षी कमिटीने गरज तपासावी, यावर मी ठाम आहे. मुलगी शाळेत असेल तेव्हा जागा आजी-आजोबांना खुली राहावी.

एक आई, जुळे सोलापूर
शाळेच्या वेळेत जागा जरूर वापरा, मीच अर्जात तसं लिहिते. दरवर्षी तपासणं मात्र मान्य नाही. तिचं प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे, डॉक्टरांच्या मंडळाने तपासून दिलेलं. दर वर्षी मुलीला कमिटीपुढे चालून दाखवायला मी लावणार नाही.

होटगी रोड, माजी सेक्रेटरी
नियम एका घरापुरता करता येत नाही, ताई. उद्या पाय मोडलेला कोणी येऊन पास मागेल, त्याला काय सांगायचं?

एक आई, जुळे सोलापूर
पाय बरा होईपर्यंतचा पास त्याला द्या, काका. तेवढे दिवस आम्ही दोघं मिळून ती जागा वापरू.