स्पोर्टी प्रीमियम हॅचबॅकला हायब्रिड हवं की नको?

कारंजा_लाड: माझं म्हणणं सरळ आहे. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनसारख्या चार मीटरच्या आतल्या गाडीत १२० पीएस ताकदीचं टर्बो इंजिन मिळतं, पण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर, नाही. होंडा सिटी हायब्रिडची मोटर २५३ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, देते, तेही पाय टेकवल्याबरोबर. मूर्तिजापूर रोडवर कापसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना मला हेच पाहिजे. टर्बो जागा होईस्तोवर समोरची एसटी अंगावर येते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडला १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्या गाड्यांना ४०. मग कंपन्या थांबल्या कशाला?

वऱ्हाडी_गिअर: भाऊ, मले नाई पटत. समृद्धीवर १२० नं गाडी धरली का हायब्रिडचं काम संपलं. ब्रेकच दाबाचा नाई तं बॅटरी भरन कायनं? होंडा सिटीतही हायवेच्या वेगाले इंजिनच सरळ चाकाले जोडल्या जाते. वरतून बॅटरीपायी डिक्की ५०६ लिटरची ३०६ झाली, अन् ते सेडान होय. हॅचबॅकमधी तं लग्नाले जातानी चौघाच्या बॅगा मांडीवर घ्या लागतीन. स्पोर्टी गाडी म्हंजे गिअर हातात पायजे.

जिनिंगवाला: वेगाचं तुम्ही बोला, मी धुळीचं सांगतो. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवायला केबिनमधलीच हवा ओढतात, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. माझ्या मामेभावाची हायब्रिड हंगामभर जिनिंगच्या आवारात उभी असायची. मे महिन्यात पॅनेलवर इशारा लागला. जाळी उघडली तर आत रुई अशी दाबून बसलेली, की बोटानं ओढली तर वातीसारखा पीळ निघाला. साफसफाई दहा मिनिटांची, पण त्यासाठी गाडी अमरावतीला न्यावी लागली. दोन दिवस गेले, ऐन खरिपाच्या तयारीत. बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी होती, ती त्या दोन दिवसांना काय कामाची? हायब्रिड जरूर द्या, पण ती जाळी मालकाला घरी काढता आली पाहिजे, आणि तालुक्याच्या मेकॅनिकला हाय व्होल्टेजचं शिक्षण मिळालं पाहिजे.

कारंजा_लाड: जाळीचं मला ठाऊक नव्हतं, दादा. गाडी बघायला जाईन तेव्हा आधी तीच उघडून दाखवायला सांगेन. @वऱ्हाडी_गिअर, समृद्धीवर फायदा कमी, हे कबूल. पण माझे महिन्यातले पंचवीस दिवस बाजार समिती, शाळा, बँक आणि रेल्वे फाटक यातच जातात. तिथं इंजिन बंद ठेवून गाडी सरकते, ते पेट्रोल माझ्याच खिशातलं वाचतं. टर्बो मॅन्युअल काढा असं मी म्हणतच नाही. शोरूममध्ये दोन्ही ठेवा.

वऱ्हाडी_गिअर: दोन्ही ठेवत असन तं माही ना नाई. पण एक आलं का दुसरं बंद करतेत, हे भ्या हाय मले. फोक्सवॅगनची पोलो २०२२ मधी बंद झाली, तिच्या तोडीची गाडी मले अजून भेटली नाई.