बाजारभाव, पण कुठल्या दिवसाचा?

सरकार प्रकल्पासाठी जमीन घेतं तेव्हा ‘बाजारभाव दिला की प्रश्न मिटला’ असं म्हणतात, ते पटत नाही. नवी मुंबईसाठी उरण-पनवेलची भातशेती, मिठागरं गेली तेव्हा भाव शेतीचा होता. जमीन महागली ती शहर उभं राहिल्यावर. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यातूनही सुविधांसाठी ३० टक्के कापून हातात पावणेनऊच!

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात भावावर आणखी १०० टक्के दिलासा रक्कम आहे, मान्य. पण मूळ भाव रेडी रेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी दर) किंवा खरेदीखतांच्या सरासरीवरून ठरतो, आणि खतात खरा आकडा किती जण लिहितात? शिवाय सातबाऱ्यावर नाव नसलेल्या, खाडीवर जगणाऱ्या कोळ्याचा बाजारभाव कुठून काढणार?