'स्टीरिओटाइप'ला काय म्हणावं: साचा, शिक्का की नमुना?

अनुवादवाली
पुष्पमाला एन. आणि क्लेअर आर्नी यांच्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' (२०००–२००४) या छायाचित्रमालिकेवर लिहितेय. पुष्पमाला त्यात स्वतःच सोंगं घेते. कधी रविवर्म्याची लक्ष्मी, कधी मोजमापासाठी चौकटींच्या पडद्यापुढे उभी केलेली निलगिरीतल्या तोडा जमातीची बाई, कधी पेपरातल्या फोटोतली चोरीची आरोपी. 'स्टीरिओटाइप'साठी मी लिहिलं, 'साचेबंद प्रतिमांची मालिका'. संपादक म्हणाले, 'इतकी वाईट आहे का?'

खिळेजुळारी
बरोबरच विचारलं त्यांनी. साचेबंद, ठोकळेबाज, छापील ही सगळी कलाकाराला हाणायची विशेषणं. ज्याची तो उलटतपासणी करतोय तेच त्याच्या गळ्यात पडतं.

स्टीरिओटाइप मुळात आमच्या छपाईच्या धंद्यातला. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून झाले की अख्ख्या पानाचा साचा घ्यायचा आणि त्यात शिसं ओतून एकसंध पत्रा काढायचा. खिळे सुटतात, पत्रा हवा तितका छापा. पण त्यातलं एक अक्षर हलवता येत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसचा मुद्रक फर्मँ दिदो यानं हे नाव दिलं. डोक्यातल्या तयार चित्रांसाठी तो शब्द रुळवला अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमननं, १९२२ साली.

मराठीत मात्र छपाई माणसाला लावली की कौतुक होतं. छाप पाडली, ठसा उमटवला! वाईट म्हणायला एक शिक्का, आणि त्याचंही शिक्कामोर्तब झालं की आपण पेढे वाटतो.

जुने फोटो
मग 'नमुना' घ्या. विल्यम जॉन्सननं १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. माणसं एकीकडे टिपलेली, मागचा देखावा भलतीकडचा, दोन्ही जोडून 'अमुक जात'. १८६९ मध्ये लॅम्प्री या ब्रिटिश अभ्यासकानं माणसं मोजायला दोन-दोन इंचांच्या चौकटींची जाळी सुचवली. तिच्यापुढे उभं राहिलं की माणूस संपला, उरला तो नमुना. शिवाय 'काय नमुना आहे!' यातला टोमणा फुकट मिळतो.

पेणची लेक
तोडा बाईला चालेल. लक्ष्मीला नमुना म्हणाल? रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली घाटकोपरला निघाला, पुढे मळवलीला गेला. तिथून निघालेली लक्ष्मी घराघरात पोचली, आणि तिला कोणी शिव्या दिल्या नाहीत. मला 'साचा'च बरा वाटतो, फक्त त्याचं विशेषण करू नका. आमच्याकडे एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, त्यात कोणाला कमीपणा नाही. डोळ्यांची आखणी मात्र हातानं होते. पुष्पमालाचे फोटो पाहिले तेव्हा मला तेच दिसलं. साडी, दागिने, पडदा सगळं दुसऱ्याचं, डोळे तिचे.

अनुवादवाली
मग असं करते: 'पुष्पमाला एकेका साच्यात शिरून बसते'. आणि तोडा फोटोपुरतं 'नमुना'. आता माझ्या लेखातला दुसरा शब्द, 'बिलाँगिंग', उरला. 'आपलेपणा' लिहू?

खिळेजुळारी
नको हो. आपलेपणा म्हणजे जेवायला आग्रह केल्यासारखं वाटतं. इथे प्रश्न आत घेतात की नाही, हा आहे. 'आपल्यातली'?

जुने फोटो
'मुलगी आपल्यातलीच बघा' यातलं 'आपल्यातली' म्हणजे काय, ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

अनुवादवाली
म्हणूनच तोच ठेवते.