अलिबाग ते मुरूड, तीन दिवस: आईला घेऊन कोणते किल्ले जमतील?

शनिवारपेठी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात अलिबाग-मुरूड करायचंय, गाडी मीच चालवणार. सोबत आई, वय ७२, गुडघे कुरकुरतात. आणि चौथीतला मुलगा, त्याला फक्त तोफा बघायच्यात. कुलाबा, कोर्लई, जंजिरा तिन्ही होतील का? हॉटेलं सुचवू नका, ती शोधून झालीत.

खारेपाटकर:
ताई, हॉटेलाच्या आधी कालनिर्णय उघडायला हवं होतं.

आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी, म्हणजे चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, तर सकाळी नऊच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. कुलाब्याला ओहोटीत चालत जायचं तर तृतीया ते पंचमी बघा. अष्टमीला सुकती बाराला येते म्हणून लोक खूश होतात, पण तो भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस. पाणी पुरतं मागे हटतच नाही. तेव्हा घोडागाडी.

मी इथला असून फसलोय. पाहुण्यांना घेऊन गेलो, आतल्या गणपतीपुढे आरती लांबली. जाताना पाणी घोट्याला होतं, येताना मांडीला. चपला हातात आणि आमच्या मावशी माझा दंड धरून रामरक्षा म्हणतायत.

मुलाला तिथे तटाचे दगड हात लावून बघू द्या. मोठाले चिरे नुसते एकावर एक, मध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटींतून शिरतं आणि निघून जातं, म्हणून भिंतीला धक्का कमी बसतो. गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे, तिथे आईंना एकही पायरी त्रासाची नाही. वाटेत चुंबकीय वेधशाळा दिसेल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजमाप बिघडणार म्हणून कुलाब्याहून (मुंबईच्या हं) ती १९०४ साली इकडे आली.

शनिवारपेठी:
पाऊणपट! आजोबांच्या पाढ्यांचा शेवटी उपयोग झाला. कोर्लई आणि जंजिऱ्याचं काय?

मुरूडची माहेरवाशीण:
कोर्लईला गाडी दीपगृहापर्यंत जाते, रस्ता अरुंद आहे. आईंना तिथेच बसवा, वारा छान असतो. तुम्ही दोघं पायऱ्या चढा. उतरल्यावर गावात थोडं थांबा. १७४० च्या सुमारास पोर्तुगीज इथून गेले, पण गावातले ख्रिस्ती लोक घरात अजून पोर्तुगीजवरून आलेली बोली बोलतात. मी शाळेत असताना कोर्लईची मैत्रीण तिच्या आईशी भांडायला लागली की मला एक अक्षर कळायचं नाही. बहुतेक म्हणूनच ती भाषा टिकली असावी!

जंजिऱ्याला आईंना नेऊ नका, स्पष्टच सांगते. राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाणं मजेचं, पण मी गेले तेव्हा दरवाज्याशी होडी वरखाली होत असतानाच पायरीवर पाऊल टाकायचं होतं. नावाडी हात देतात, तरी पोटात गोळा येतोच. मुलाला मात्र न्याच. कलालबांगडी तोफ बघून तो जागचा हलायचा नाही. दरवाज्यावर पंज्यांत हत्ती धरलेलं जनावर कोरलंय, तेही दाखवा.

आईंसाठी मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह म्हणून महाराजांनी बांधलेला. जवळून बघायला मिळाला तर तटाकडे नीट बघा: खाऱ्या वाऱ्यापाण्याने चिरे झिजून आत गेलेत आणि मधला चुना तसाच बाहेर उभा. मधाच्या पोळ्यासारखं दिसतं.

खारेपाटकर:
पद्मदुर्गाला सहमत. कुलाब्यात चुनाच नाही आणि इथे चुनाच उरलाय, पोराला दोन्ही दाखवा.

शनिवारपेठी:
मनापासून आभार. मुलगा कालपासून भिंतीवरच्या सगळ्या तिथ्यांची पाऊणपट करतोय. आमच्या निघायच्या दिवशी एकादशी येतेय. भरती सव्वाआठ, सुकती सव्वादोन. बरोबर ना?

खारेपाटकर:
अगदी बरोबर. पण भांग नुकता सरलेला असेल, घोडागाडीचे पैसे वेगळे काढून ठेवा.