रिग एकाची, विहीर दुसऱ्याची: खोल समुद्रातल्या ड्रिलिंग कॉन्ट्रॅक्टरचं काम नेमकं काय?

खारावारा:
समुद्रात विहिरी खोदणाऱ्या ट्रान्सओशन कंपनीबद्दल वाचताना एक गोष्ट उलगडत नाही. डीपवॉटर होरायझन रिग त्यांची, पण मेक्सिकोच्या आखातातली मकोंडोची विहीर तेल कंपनी बीपीची. मग कॉन्ट्रॅक्टर विकतो काय? तेल लागलं तर त्याला वाटा मिळतो का? बीओपी (विहिरीच्या तोंडावर बसवलेला, ती बंद करणारा झडपांचा संच) कोणाच्या ताब्यात असतो? आणि ही कंपनी एवढी मोठी झाली कशी?

डेरेट:
तेलात वाटा नसतो. कॉन्ट्रॅक्टर रिग आणि ती चालवणारी माणसं दिवसाच्या भाड्यानं देतो. विहीर कोरडी निघाली तरी भाडं ठरल्याप्रमाणे मिळतं. विहिरीचा आराखडा, केसिंगची (विहिरीला आतून आधार देणाऱ्या पोलादी नळ्यांची) खोली, मडचं (विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या जड चिखलाचं) वजन हे तेल कंपनी ठरवते. तिचा माणूस रिगवर असतो, त्याला सगळे कंपनी मॅन म्हणतात. सिमेंट, मड, लॉगिंग (खडकांची मोजमापं) यांसाठी ती वेगळ्या सर्व्हिस कंपन्या आणते. रिगचा ओआयएम (रिगचा प्रमुख), टूलपुशर (ड्रिलिंग करणाऱ्यांचा मुकादम), ड्रिलर आणि सबसी इंजिनिअर (बीओपी सांभाळणारा) मात्र कॉन्ट्रॅक्टरचे.

दर एकच नसतो. काम चालू असताना पूर्ण दर, तेल कंपनीमुळे थांबावं लागलं तर स्टँडबाय. रिगचं यंत्र बिघडलं तर करारात ठरलेल्या तासांपुरती सूट मिळते, ती संपली की दर शून्य. या शून्य दराचा धाक समजला की कॉन्ट्रॅक्टरची निम्मी धडपड समजते.

सबसीमिस्त्री:
त्या शून्य दराचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बीओपी. तो कॉन्ट्रॅक्टरचाच असतो. साधारण क्रम असा: 36 इंची कंडक्टर (सगळ्यात बाहेरची नळी) जेटिंग करून, म्हणजे झोतानं माती उकरत, तळात बसवतात, मग रायझरशिवाय (रायझर म्हणजे रिगपासून विहिरीच्या तोंडापर्यंतचा जाड पाइप) 26 इंची भोक पाडून 20 इंची केसिंग आणि वेलहेड (विहिरीचं तोंड) सिमेंट करतात. त्यानंतरच बीओपी रायझरच्या टोकाला लावून खाली सोडतात. बोअर 18¾ इंची, दाबक्षमता बहुधा 15,000 पीएसआय (चौरस इंचाला पाउंड), वजन तीन-चारशे टन. रायझरचा एक जॉइंट 75 ते 90 फुटांचा. म्हणजे 2,000 मीटर पाण्यात 70 ते 90 जॉइंट एकेक करून जोडायचे आणि चोक, किल लाइनची (रायझरच्या बाजूनं जाणाऱ्या, विहिरीचा दाब हाताळणाऱ्या नळ्यांची) चाचणीही सोबत करत जायची.

आता समजा, बीओपीवरच्या एका शटल व्हॉल्व्हला (नियंत्रणाच्या दोन वाटांपैकी एक निवडणाऱ्या छोट्या झडपेला) गळती लागली. सुटा भाग हातात मावेल एवढा असतो, पण तो बदलायला आधी विहीर सुरक्षित करायची, सगळा रायझर वर काढायचा, दुरुस्ती करून डेकवर चाचणी घ्यायची आणि पुन्हा तीच उतरण. आठवडा सहज जातो. म्हणून दोन विहिरींच्या मधल्या वेळात बीओपी उघडून सील, पॅकर (रबरी अडसर), सोलेनॉइड (विजेनं चालणाऱ्या झडपा), बॅटऱ्या तपासण्यात हयगय नको. 'पुढच्या विहिरीला बघू' ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे.

जुनेबंदर:
इतिहास थोडक्यात. 1953 मध्ये सदर्न नॅचरल गॅस या कंपनीनं ‘द ऑफशोअर कंपनी’ काढली. तीच पुढे सोनॅट ऑफशोअर झाली. 1996 मध्ये तिनं नॉर्वेची ट्रान्सओशन घेतली आणि नावही तेच लावलं. 1999 अखेर सेडको फॉरेक्स, 2001 मध्ये आर अँड बी फाल्कन, 2007 मध्ये ग्लोबलसांताफे. एवढा ताफा असा वाढला. डीपवॉटर होरायझनही मुळात आर अँड बी फाल्कननं मागवलेली. कोरियात उल्सानला ह्युंदाईनं बांधली. 2012 मध्ये उथळ पाण्यातल्या बऱ्याच जॅकअप (पाय तळाला टेकवून उभ्या राहणाऱ्या रिग) शेल्फ ड्रिलिंग या कंपनीला विकून कंपनीनं खोल पाण्यावर भर दिला.

खारावारा:
मग विहीर उसळली, म्हणजे आतलं तेल-वायू वर यायला लागलं, तर बंद करण्याचा निर्णय कोणाचा? कंपनी मॅनला विचारायचं?

सबसीमिस्त्री:
नाही. ड्रिलरनं लगेच बंद करायची, विचारणं नंतर. मडच्या टाकीत वाढ दिसली किंवा पंप बंद असूनही परतीचा प्रवाह थांबला नाही, तर फिरवणं थांबवून पाइप उचलायचा, टूल जॉइंट (पाइपचा जाड सांधा) रॅमच्या (बीओपीच्या मिटणाऱ्या जबड्याच्या) समोर येणार नाही एवढा. पंप बंद, अ‍ॅन्युलर (बीओपीतली पाइपभोवती आवळणारी रबरी झडप) बंद, मग ड्रिलपाइप आणि केसिंग दोन्हीकडचे दाब नोंदवायचे. उशीर केला तर वायू बीओपीच्या वर रायझरमध्ये शिरतो, आणि मग बीओपी मिटूनही तो वायू वर येतच राहतो. तेव्हा डायव्हर्टरनं (रिगवरच्या प्रवाह वळवणाऱ्या यंत्रणेनं) प्रवाह थेट समुद्रात सोडायचा.

20 एप्रिल 2010 ला मकोंडोवर नेमकं हेच चुकलं. निगेटिव्ह प्रेशर टेस्टमध्ये (विहिरीतला दाब कमी करून ती गळते का हे पाहणाऱ्या चाचणीत) ड्रिलपाइपवर 1,400 पीएसआय दिसत होते, किल लाइनवर शून्य, तरी चाचणी पास धरली. प्रवाह वाढल्याचं वेळेत ओळखलं नाही. प्रवाह समुद्रात सोडण्याऐवजी मड-गॅस सेपरेटरकडे (मडमधून वायू वेगळा करणाऱ्या रिगवरच्या टाकीकडे) वळवला, त्यामुळे वायू रिगवरच पसरला. अकरा माणसं गेली. नंतर बीओपी तपासला तेव्हा एका पॉडचा (बीओपीच्या नियंत्रण-पेटीचा) सोलेनॉइड चुकीचा वायर केलेला आणि दुसऱ्याची बॅटरी कमजोर निघाली.

डेरेट:
2014 मध्ये अमेरिकी न्यायालयानं दोषाची वाटणी केली: बीपी 67 टक्के, ट्रान्सओशन 30, सिमेंटचं काम केलेली हॅलिबर्टन 3. प्रदूषणाच्या दाव्यांपासून कॉन्ट्रॅक्टरला वाचवणारी कलमं करारात असतात, पण आपल्या माणसांनी निगेटिव्ह टेस्ट वाचण्यात केलेली चूक त्यांच्याआड लपत नाही.